सांग, सरकारनं सांगितलं

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी स्वयंपाकघराकडे वळते. फ्रिजवर काय चिकटवलंय, कचऱ्याच्या डब्यात काय पडलंय, मागचं दार आतून उघडतं की नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, जेवायला बोलावलंय, धाड घालायला नाही." मी बसते, दहा मिनिटांनी पुन्हा उठते. बसवत नाही. लोकांना वाटतं बाईला मधुमेह असावा.

आम्ही अमेरिकेत आलो त्या काळात मराठी माणूस डॉक्टर तरी असायचा, नाहीतर इंजिनिअर. मी नागपूरची. मुंबईत समाजकार्याची पदवी घेतली, लग्न झालं, न्यू जर्सीत आले, पुन्हा शिकले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, वेल्फेअर ऑफिसात लागले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, "काय करता?" मी सांगायची, सोशल वर्कर आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "वा, छान. आणि नोकरी कुठे करता?"

काम सांगायला सोपं. शेजारी, शाळेतली नर्स किंवा पोलीस, कुणीतरी फोन करतो की अमुक घरात काहीतरी बरं चाललेलं नाही. आपण जायचं, दार वाजवायचं, बघायचं आणि ऑफिसात येऊन लिहायचं. त्या लिहिण्यावर ठरतं की मूल घरी राहील का दुसरीकडे जाईल, म्हाताऱ्याला जेवणाचा डबा मिळेल का नर्सिंग होम. एकदा फाइलमध्ये गेलेलं खोडता येत नाही, आणि खाली आपली सही असते.

माझी सुपरवायझर होती मिल्ड्रेड. साठी उलटलेली, काठी टेकत चालणारी, तोंडाची फटकळ. तिच्या टेबलामागे एक जुना फोटो होता. लांब घोळदार स्कर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर टोप्या, अशा सात-आठ बायका एका लाकडी जिन्यावर उभ्या. मी पहिल्या दिवशी विचारलं, तुमच्या घरच्या का? ती म्हणाली, "घरच्याच समज. आपल्या धंद्याच्या आज्या आहेत."

मग तिनं मला त्या बायकांची गोष्ट सांगितली, ती काही मला पुस्तकात अशी सापडली नव्हती. खात्यापित्या घरच्या मुली. कॉलेजात शिकलेल्या, पण शिकून करायचं काय, तर लग्न. त्यांनी ते केलं नाही. शिकागोच्या आणि न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांत घरं घेतली आणि तिथंच राहायला गेल्या. आसपास इटालियन, पोलिश, रशियन, सगळे बोटीतून उतरलेले. या बायका जिने चढून घरोघरी जायच्या. एका खोलीत किती जण झोपतात, पाणी कुठून आणतात, आठ वर्षांची मुलगी कुठल्या कारखान्यात बटणं लावते, हे लिहून काढायच्या. गल्लीगल्लीचे नकाशे केले, रंगवले आणि आमदारांच्या पुढ्यात नेऊन टाकले. लहान मुलांना कामाला लावू नये असे कायदे, मुलांसाठी वेगळं कोर्ट, वस्तीत खेळायला मैदान, हे सगळं त्या जिने चढण्यातून आलं. मिल्ड्रेड तरुणपणी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हाताखाली शिकली होती, आणि त्या बाईचा नियम तिनं मला पहिल्याच आठवड्यात दिला. ज्या घराचं स्वयंपाकघर पाहिलं नाही, त्या घराबद्दल एक ओळ लिहायची नाही.

पण आज्या म्हणून सगळंच गोड नव्हतं. इटालियन बायकांना त्या सांगायच्या, लसूण सोडा, ओटमील खा, म्हणजे पोरं अमेरिकन होतील. मी हसले. म्हटलं, आमच्या ठेच्याचं काय झालं असतं? मिल्ड्रेड हसली नाही. ती म्हणाली, "नीला, मी स्वतः पहाटे विधवांच्या घरात शिरून पलंगाखाली पुरुषाचे बूट शोधलेत. बूट सापडले की घरात पुरुष आहे म्हणून मदतीचे पैसे बंद. तसा हुकूम होता. स्वयंपाकघर बघायचं ते माणूस जेवतो का हे कळायला. बूट शोधायला नाही." हे वाक्य सांगताना तिचा आवाज एकदम खाली आला होता.

नियमाची प्रचिती लवकरच आली. एक पोलिश आजोबा होते, एकटे. मला दारात बघितलं की म्हणायचे, "एवढी बारीक! भारतातून आलीस, तुलाच मदतीची गरज आहे," आणि काउंटीनं त्यांना पाठवलेला जेवणाचा डबा माझ्याच हातात द्यायचे. नको म्हटलं की रुसायचे. एकदा मी डबा परत ठेवायला त्यांचा फ्रिज उघडला. आत असेच नऊ डबे, एकाचंही झाकण उघडलेलं नाही. बायको गेल्यापासून माणूस जेवतच नव्हता, आणि माझ्या आधीच्या कार्यकर्तीनं तीन महिने लिहिलं होतं, आनंदी स्वभाव, तक्रार नाही. त्यानंतर मी एकही फ्रिज सोडला नाही. गोऱ्या बायका चिडायच्या, "तू कोण मला शिकवणार?" म्हणायच्या. मी शांतपणे म्हणायची, थोडं पाणी मिळेल का? आणि पाण्याच्या निमित्तानं आत.

एवढी शहाणी झालेली मी, एका घरात मात्र सोफ्यावर बसून राहिले.

झालं असं. आमच्या ऑफिसात फ्रँक नावाचा एक पोस्टमन आला. पार्सिपनीच्या एका रस्त्यावर टपाल टाकायचा. म्हणाला, एका घरातली म्हातारी इंडियन बाई मला दारात थांबवते आणि पाकिटं देते. त्यावर तिकीट नसतं, पत्ता वाचता येत नाही. मी घरमालकाकडे ती परत दिली, तो म्हणाला, लक्ष देऊ नका, तिचं वय झालंय. पण ती रोज काचेमागे उभी असते, गाडी आली की दाराशी येते. "मला आई आहे," फ्रँक म्हणाला, "म्हणून आलो." त्याच्या खिशात त्या दिवशीचं पाकीट होतं. मिल्ड्रेडनं माझ्यापुढे धरलं. ही तुझी भाषा का?

माझीच होती. ठसठशीत देवनागरी, शाळामास्तरणीसारखं वळण. कराडजवळच्या एका गावाचा पत्ता, भावाचं नाव. उघडायचा प्रश्नच नव्हता. पण घराचा नंबर फ्रँकनं सांगितला आणि मी पाकीट टेबलावर उलटं ठेवलं. ते श्रीकांतचं घर होतं.

श्रीकांत म्हणजे आमच्या मंडळाचा आधारस्तंभ. गणपतीत सतरंज्या अंथरण्यापासून माइकपर्यंत सगळीकडे हा. कुणाचा मुलगा आजारी पडला की रात्र न् दिवस न बघता गाडी काढणारा. त्याची बायको सुधा एका औषध कंपनीत केमिस्ट होती, दोघांच्याही नोकऱ्या, घरात दीड वर्षाचा मुलगा. वर्षभरापूर्वी त्यानं आईला इकडे आणलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं. इंदूकाकूंना मी एकदा मंडळात पाहिलंही होतं, भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर नातू.

मी मिल्ड्रेडला सांगायला हवं होतं, मी या माणसाला ओळखते, दुसऱ्या कुणाला पाठव. सांगितलं नाही. मनात म्हटलं, दुसरी कुणी गोरी बाई जाईल, काकू काय बोलणार तिच्याशी? हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की आपल्या माणसाच्या घरात काउंटीची गाडी उभी राहिलेली मला नको होती.

आणि मग मी जी चूक केली, ती आपल्याच लोकांकडून होऊ शकते. मी आधी फोन केला. कुठल्याही घरी आम्ही आगाऊ कळवून जात नसू, पण आपल्याकडे न सांगता कसं जायचं? फोनवर मी म्हटलं, "सुधा, सहज येऊ का शनिवारी? ऑफिसचं छोटंसं काम आहे, पण मुख्य म्हणजे काकूंना भेटायचंय."

गेले तर घर चकाचक. साबुदाण्याची खिचडी, ओल्या नारळाच्या वड्या. सुधा माझ्या आणि काकूंच्या मध्ये बसली. श्रीकांत समोर. त्यानं आपणहून विषय काढला, "वहिनी, त्या पोस्टमनचं ना? अहो आईला वाटतं, पत्र त्याच्या हातात दिलं की पोचतं. मी सांगतो तिला, मी टाकीन पोस्टात. माझ्याच्यानं राहून जातं, ऑफिसच्या बॅगेत पडून राहतात." तो खरंच ओशाळला होता. त्यात लबाडी नव्हती, हे मी आजही सांगेन.

मी विचारलं, "काकू, कशा आहात? करमतं का?"

काकू मुलाकडे बघून म्हणाल्या, "बरं आहे."

मी पाण्यासाठी उठले. आपल्या नेहमीच्या युक्तीनं. सुधा झटकन म्हणाली, "अय्या वहिनी, तुम्ही बसा ना, मी आणते." आणि मी बसले. कुणा परक्या बाईच्या घरात मी बसले नसते. पण आपल्या बाईच्या स्वयंपाकघरात, तिनं बसा म्हटल्यावर, कसं जायचं? निघताना सुधानं हळदीकुंकू लावलं. काकूंनी दारात माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि म्हणाल्या, "पुन्हा ये गं." मला वाटलं, माया आहे.

सोमवारी मी लिहिलं, घर स्वच्छ, कुटुंब प्रेमळ, काळजीचं कारण नाही. सही केली. मिल्ड्रेडनं वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "स्वयंपाकघर?" मी म्हटलं, "छान आहे." खोटं बोलले. त्या नोकरीत मी बोललेलं ते पहिलं खोटं.

दोन आठवडे मला चैन नव्हतं. का ते कळत नव्हतं. घरी भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. मुलगी म्हणायची, "आई, व्हाय आर यू वॉकिंग अराउंड?" गाडी चालवताना मनगटावर काकूंची बोटं जाणवायची.

मार्चमध्ये एका दुपारी पोलिसांचा फोन आला. हायवेच्या कडेनं एक म्हातारी बाबागाडी ढकलत चालली होती. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, कडेला अजून मळका बर्फ. साडीवर मुलाचा मोठा कोट, मोज्यांवर चपला. बाबागाडीत मूल. पोलिसांनी दोघांना इमर्जन्सी रूममध्ये नेलं होतं. घर सापडलं तेव्हा फ्रिजवर त्या शनिवारी मी दिलेलं माझं कार्ड मिळालं, म्हणून फोन मला.

मी पोचले तोवर श्रीकांत आला होता. तरुण डॉक्टर प्रश्न विचारत होता आणि श्रीकांत मराठीत सांगत होता. कुठला महिना? कुठलं वर्ष? अध्यक्ष कोण? शंभरातून सात वजा करत जा. काकू गप्प. मुलगा घाबरून ओरडत होता, "आई, अगं बोल ना! तू माझ्या पोराला हायवेवर नेलंस, काय झालंय तुला?" काकू मान खाली घालून बसल्या होत्या. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. भ्रम झालाय, म्हणाला, निदान तीन दिवस मनोरुग्ण विभागात ठेवू, नंतर बहुधा नर्सिंग होम. आणि मुलाच्या जिवाला धोका म्हणून वेगळी केस करावी लागेल. हे सांगताना तो मी ऑफिसातून सोबत आणलेली माझीच फाइल वाचत होता. काळजीचं कारण नाही, आणि खाली माझी सही.

मी श्रीकांतला म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा."

"वहिनी, ती घाबरलीय. मी तिचा मुलगा आहे."

"म्हणूनच."

त्याचा चेहरा पडला. पण गेला बाहेर. पडदा ओढला आणि मी काकूंच्या शेजारी खुर्चीवर नाही, कॉटवर बसले. म्हटलं, काकू, हे लोक तुम्हाला वेड्यांत काढायला निघालेत. मी विचारते ते सांगा. आज काय आहे?

"फाल्गुन वद्य तृतीया. होळीला तीन दिवस झाले."

अध्यक्ष?

"नाव नाही येत. टीव्हीवर दिसतो तो. पूर्वी सिनेमात होता म्हणे."

मग शंभरातून सात. मी श्वास घेतला नव्हता तोवर त्या सुरू झाल्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, अशा धडाधड उतरत दोनवर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "दोन उरले. पुढं कसं करायचं?" तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित आणि शिवण शिकवलेली बाई ती. मग मुलापुढे का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "तो रडवेला झाला होता. त्याच्यापुढं मी काय परीक्षा देत बसू?"

आणि हायवेवर कशाला गेलात? तर माझ्या त्या शनिवारच्या भेटीनंतर श्रीकांतनं निक्षून सांगितलं होतं, पोस्टमनला काही द्यायचं नाही, सरकारचे लोक घरी येतात. फ्रँकनं पूर्वी कधीतरी हातानं दाखवलं होतं की पोस्ट ऑफिस त्या दिशेला. काकूंनी पोराला तीन कपडे घातले, दुधाची बाटली, पाणी, दोन लंगोट घेतले आणि निघाल्या. पोराला एकटं सोडता येत नाही म्हणून सोबत घेतलं. पिशवीत अकरा पत्रं होती. मी हे सगळं डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं. शेवटी त्यानं आपलं लिहिलेलं खोडलं नाही, कारण खोडता येत नाही, पण खाली लिहिलं, भाषांतरामुळे गैरसमज, रुग्ण शुद्धीवर आणि हुशार.

दुसऱ्या दिवशी न कळवता त्यांच्या घरी गेले. सरळ स्वयंपाकघरात. सुधा घरीच होती, रडून डोळे सुजलेले, ती अडवायच्या मनःस्थितीतच नव्हती. पेल्यासाठी मी भांड्यांचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला किराणामालाची तपकिरी कागदी पिशवी फाडून चिकटवली होती. काकूंनी हातानं आखलेलं कॅलेंडर. तिथ्या, वार, सण, आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षर. आज बाहेर नाही. आज बाहेर नाही. आज मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायला. आज बाहेर नाही. महिन्यामागून महिने. मी तेव्हा पाण्याला उठून पुन्हा बसले होते, तिथपासून ते कपाट बारा पावलं असेल. सुधाही माझ्यामागे उभी राहून वाचत होती. तिनंही ते त्या दिवशीच पाहिलं, ते कपाट काकूंच्या उंचीचं, काकूंच्या भांड्यांचं होतं.

काकूंना आदल्या रात्रीच घरी सोडलं होतं. मी त्यांना गाडीत घालून बाहेर नेलं, एका तळ्याकाठी. त्या दार उघडून उतरल्या आणि चालायलाच लागल्या. मी मागे. पाऊण तास चालल्यावर मी विचारलं, काकू, स्पष्ट सांगा, परत जायचंय?

त्या म्हणाल्या, "जायचंय. माझं दोन खोल्यांचं घर आहे. तिथं मला कुणी विचारत नाही, पण मी दार उघडते आणि बाहेर जाते."

मग सांगू श्रीकांतला.

त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. या वेळी मला कळलं की ती माया नाही. "मी म्हटलं असं सांगू नकोस. त्याचे वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा. तेव्हापासून म्हणतोय, आई, मी तुला सुखात ठेवीन. मला करमत नाही म्हटलं तर त्याला काय वाटेल? तू सांग, सरकारनं सांगितलं. सरकारवर रागवेल, रागवू दे. सरकारला काय होतंय."

काउंटीला असा कुठलाही अधिकार नव्हता. कुणाच्या आईला देशाबाहेर घालवायचा हुकूम आम्ही काढत नाही. मी मिल्ड्रेडला सगळं सांगितलं, आधीचं खोटंही. तिनं मला ओरडायला हवं होतं. ती काठीनं जमिनीवर टकटक करत बसली. मग म्हणाली, "फाइलमध्ये खरं लिही. त्या मुलाला काय सांगशील ते मला सांगू नकोस." आणि मी उठताना, "मला आवडलेलं नाही, नीला. आपण कुणाच्या वतीनं खोटं बोलत नाही." मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, "मला माहीत नाही. आज्यांनाही माहीत नसतं."

मी श्रीकांतच्या समोर बसले आणि सांगितलं. मूल हायवेवर सापडलंय, केस उघडी राहील, आई या घरात असेतो काउंटी येत राहील. त्यांना परत पाठवलं, तर बंद होईल. एकेक शब्द मी घरून पाठ करून गेले होते. त्याचा चेहरा पांढरा झाला. "तुम्ही आमच्यातल्या ना, वहिनी?" एवढंच म्हणाला. आईचा पासपोर्ट त्यानं बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवला होता, तो काढून आणला. एप्रिलमध्ये काकू गेल्या.

त्यानंतर मंडळात मी "ती काउंटीवाली" झाले. गणपतीचा प्रसाद हातावर पडायचा, पण शेजारची खुर्ची रिकामी राहायची. एका घरी जेवायला गेलो, तर यजमानीणबाईंनी मला बघून स्वयंपाकघराचं दार चक्क लावून घेतलं. मला हसू आलं आणि गाडीत बसल्यावर रडूही. आमचे हे म्हणाले, "दुसरी नोकरी बघ." मी नाही बघितली. उलट त्यानंतर काउंटीत नियम झाला, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाचं भाषांतर घरच्यांनी करायचं नाही. तो मसुदा मी लिहिला. आज सगळीकडे असे नियम आहेत, आमच्या छोट्या ऑफिसात तो इंदूकाकूंमुळे आला. याचा मला अभिमान आहे, सांगूनच टाकते.

काकूंचं एक पत्र आलं, ऑफिसच्या पत्त्यावर. भाऊ बरा आहे, शिवणाच्या वर्गाला सहा मुली येतात, पत्रपेटी घरापासून चाळीस पावलांवर आहे, रोज जाऊन येते. खाली लिहिलं होतं, आपलं बोलणं आपल्यात. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. श्रीकांत दर दोन वर्षांनी जायचा. माझ्याशी तो पुन्हा बोलला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाचा फोन आला. तोच बाबागाडीतला. "नीला मावशी, डॅड वॉन्ट्स टू सी यू. ही डझन्ट हॅव मच टाइम." श्रीकांत निवृत्तीनंतर मुलाजवळ, खाली दक्षिणेकडे मॉरिसव्हिलला राहायला गेला होता. मी विमानानं गेले. अंथरुणात हाडं उरली होती, डोळे तेवढे तेच. मुलाला त्यानं बाहेर पाठवलं.

"वहिनी, एकच विचारायचंय. आई स्वतः म्हणाली होती का, की मला जायचंय?"

विमानात मी हाच प्रश्न येणार हे धरून चालले होते. काकू गेल्या, मिल्ड्रेड गेली, फाइल कधीच नष्ट झाली असेल. सांगितलं तर काय बिघडणार? आणि आमच्या धंद्यात माणूस गेला म्हणून त्याला दिलेला शब्द संपत नाही, हेही मीच नव्या मुलींना शिकवलेलं. शिवाय मरणाऱ्या माणसाला आई तुझ्याकडे सुखी नव्हती हे सांगायला तोंड उघडेना.

"नाही," मी म्हटलं. "सरकारनं सांगितलं होतं."

मला वाटलं, त्याला बरं वाटेल. त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "म्हणजे तिला राहायचं होतं. मग मी भांडायला हवं होतं. वकील करायला हवा होता. विमानतळावर ती सारखी मागं वळून बघत होती, वहिनी. मी थांबवीन म्हणून बघत असणार. आणि मी घाबरून हात हलवत उभा राहिलो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. मी त्याचा हात धरून बसले. तेवढ्यात नर्स आली आणि मी उठले.

त्यानंतर तो पाच दिवस जगला. पाचही दिवस मी त्याला खरं सांगायला फोन उचलत होते आणि परत ठेवत होते.